नॅनीचं शेवाळ आणि यांचा अंगठा

न्यूझीलंडहून परत आल्यापासून भेटेल तो मेंढ्यांबद्दल विचारतो. मेंढ्या पाहिल्या. पुष्कळ पाहिल्या, त्यांनीही आम्हाला पाहिलं, आणि दोन्ही बाजूंना विशेष काही वाटलं नाही. तळी, डोंगर आणि बर्फ यांचे फोटो आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांकडे आमच्यापेक्षा चांगले आहेत. म्हणून मी सरळ शेवाळाबद्दल लिहिते. ते तिथे जाऊन कोणी पाहत नाही, आणि आम्हीही पाहिलं नसतं, जर मी एका रविवारी पुडिंग केलं नसतं.

ते रापा

आमची मुलगी मुक्ता हॅमिल्टनजवळ 'ते रापा' नावाच्या भागात दुधाच्या एका कारखान्यात काम करते. दुधाच्या पावडरीत नको ते जंतू नाहीत ना, हे बघणं तिचं काम. मी पुण्यात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्मभर रोग्यांचे जंतू वाढवले, ही दुधातले वाढवते. घराणं तेच, फक्त पेशंट बदलले. आम्ही दोघं तिच्याकडे मोठ्या मुक्कामाला गेलो होतो. 'हे' म्हणजे माझे यजमान, शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून ते जगातल्या प्रत्येक गोष्टीत चूक शोधतात आणि ती सापडली की दिवसभर आनंदात असतात.

त्या रविवारी मुक्ताची लॅबमधली मैत्रीण अरोहा जेवायला आली. अरोहा माओरी, म्हणजे तिथल्या मूळ लोकांपैकी. उंच, मोठ्याने हसणारी, दुसऱ्यांदा वाढून घेताना न लाजणारी. म्हणजे मला पहिल्या पाच मिनिटांत आवडलेली. शेवटी मी चायना ग्रासचं पुडिंग आणलं. तिने चमच्याने ते हलवून पाहिलं आणि हे कशाने घट्ट झालं, असं विचारलं. मी सांगितलं, तुम्ही लॅबमध्ये ज्यावर जंतू वाढवता तेच हे, आगर. आमच्याकडे त्यात साखर, दूध आणि वेलची घालून पाहुण्यांना देतात.

अरोहाने चमचा खाली ठेवला. तिच्या नॅनीने, म्हणजे आजीने, लहानपणी युद्धाच्या काळात समुद्रावर जाऊन याचंच शेवाळ गोळा केलं होतं, म्हणाली.

मग जी गोष्ट निघाली ती मला ठाऊकच नव्हती. आगर हे समुद्रातल्या शेवाळापासून करतात, एवढं बाटलीवर वाचलेलं. पण त्या काळी ते जपानमधून यायचं, आणि जपानशीच युद्ध सुरू झाल्यावर ते यायचं बंद झालं. आता जंतूंना खायला रस्सा देता येतो, पण रश्श्यात सगळ्या जाती एकमेकींत मिसळतात. तोच रस्सा आगर घालून वडीसारखा थापला, की प्रत्येक जात आपलं बिऱ्हाड वेगळं थाटते. तेव्हा कुठे कळतं की जखमेत कोण बसलंय आणि कशाने मरतंय. युद्ध चालू, जखमी येताहेत आणि लॅबमध्ये आगर नाही. 

तेव्हा या देशातली एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ बाई किनारे पालथे घालत फिरली आणि कुठल्या शेवाळातून चांगलं आगर निघतं ते तिने शोधून काढलं. ते गोळा केलं मुख्यतः पूर्व किनाऱ्यावरच्या माओरी बायकांनी आणि मुलांनी. पुरुष लढाईवर होते. वाळवलेलं शेवाळ पोत्यांत भरून खाली ख्राइस्टचर्चच्या कारखान्यात जायचं.

अरोहा पुढच्या आठवड्यात घरी जाणारच होती. चला म्हणाली. मी हो म्हणून मोकळी झाले. यांनी समुद्राला भरती-ओहोटी किती वाजता आहे ते विचारलं, म्हणजे हेही तयार होते.

पूर्व किनारा

ओपोटिकी गाव सोडलं की रस्ता समुद्राला जो चिकटतो तो सुटत नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला लाटा, मधे आपण आणि रस्त्यावर निवांत उभे असलेले घोडे. घोडे कोणाचे, असं यांनी विचारलं. अरोहा म्हणाली, आपापले.

नॅनीचं घर एका छोट्या उपसागराच्या काठावर होतं. पत्र्याचं लाल छप्पर, दारात गमबुटांची रांग. नॅनी, नाव मेरे, नव्वदीच्या घरातल्या. अंगाने माझ्या निम्म्या, आवाजाने दुप्पट. त्यांच्याकडे पाहुण्याला नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवून भेटतात. मला अरोहाने गाडीतच समजावलं होतं. हे तेव्हा घोडे बघत होते. त्यामुळे नॅनी नाक पुढे करून जवळ आल्या त्याच क्षणी यांनी वाकून नमस्कार केला, नॅनींच्या हनुवटीला यांची बोटं लागली आणि यांचा चष्मा गमबुटात पडला. नॅनींनी तो स्वतः काढून दिला आणि विचारलं, तुमच्याकडे असंच भेटतात का. मी म्हटलं, फक्त हे.

जेवायला मासे होते, उकडलेली रताळी होती आणि तळलेला पाव होता. तळलेला पाव म्हणजे आपल्या पुरीची धिप्पाड बहीण. रताळ्याला ते कुमारा म्हणतात. उपासाची वस्तू रोजच्या जेवणात भाजी म्हणून खाल्लेली बघून हे थोडे अस्वस्थ झाले, मग तीनदा वाढून घेतली. जेवण झाल्यावर मी भांडी पुसायचं फडकं उचललं आणि सवयीने त्यालाच हात पुसले. नॅनींनी ते शांतपणे माझ्या हातून घेतलं. ताटाचं फडकं ताटाला, अंगाचं अंगाला, दोन्ही धुवायचंसुद्धा वेगळं. टेबलावर बसायचं नाही. टोपी जेवणाच्या टेबलावर ठेवायची नाही. माझ्या सासूबाई इथे सुखाने नांदल्या असत्या.

चहा घेताना अरोहाने आजीला मुद्दाम विचारलं, तू अजून ठरवलं नाहीस का. नॅनी किटली भरायला उठल्या. मग अरोहाने मला सगळं सांगितलं.

दर वर्षी एप्रिलमध्ये अँझॅक डेला पहाटे गावातल्या स्मारकापाशी सगळे जमतात. लढाईत गेलेल्या माणसांची नावं मोठ्याने वाचतात. या वर्षी गावातल्या लोकांनी नॅनींना सांगितलं होतं की, शेवाळ काढणाऱ्या बायकांविषयी तुम्ही चार शब्द बोला, कारण युद्धातलं ते पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. आणि नॅनी तयार नव्हत्या.

कारण होते त्यांचे मामा. मामा लढाईवरून पायाला मोठी जखम घेऊन आले. पाय वाचला. नॅनींची आई आयुष्यभर सांगायची, माझ्या शेवाळाने माझ्या भावाचा पाय वाचवला. आणि मामा आयुष्यभर हसायचे. ते म्हणायचे, अगं, तुझं शेवाळ सैन्याच्या मांसाच्या डब्यात जेली करायला घालत होते, मी स्वतः खाल्लंय, पायाचं काय घेऊन बसलीस. दर नाताळात हा वाद. आई गेली, मामा गेले, वाद राहिला.

नॅनी म्हणाल्या, "तिथे गेलेल्या माणसांची नावं वाचतात. त्यांच्यासमोर मला खोटं बोलायचं नाही. आईचे हात थंडीत फुटून रक्त यायचं, हे मला माहीत आहे. ते कशासाठी, हे माहीत नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात हे म्हणाले की, याचा पडताळा घेता येईल, या शेवाळातून आगर काढून त्यावर जंतू वाढवून बघू. आयुष्यात पहिल्यांदा यांची ती सवय माझ्या उपयोगी पडली.

ओहोटी

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही खडकांवर गेलो. मला अरोहाच्या आईचे गमबूट मिळाले, आणि यांना बूट झाले नाहीत म्हणून हे जँडल घालून आले. जँडल म्हणजे आपल्या रबरी सपाता. त्या देशात लोक सपाता घालून बँकेतसुद्धा जातात, पण ओल्या खडकावर त्या घालू नयेत, हे यांना कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी सांगितलं होतं.

शेवाळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर विहिरीतलं हिरवं बुळबुळीत काहीतरी होतं. हे निघालं गडद लाल, जवळजवळ काळं, आणि नेच्याच्या पानासारखं नाजूक पिसांचं. नॅनी खडकावर खुर्ची टाकून बसल्या आणि काठीने दाखवू लागल्या. लाटेने किनाऱ्यावर टाकलेलं आधी घ्यायचं. खडकावरचं मुळापासून उपटायचं नाही, वरचं घ्यायचं, म्हणजे ते पुन्हा वाढतं. एकीकडे आठवणी चालूच होत्या. ओहोटी शाळेच्या वेळेत आली की शाळा समुद्रावर. बायका कमरेपर्यंत पाण्यात, गाणी म्हणत. पोरांनी काठावरचं वेचायचं आणि वाळवायचं. पोरं त्यातच लोळायची आणि मार खायची. गावातली सगळी कुंपणं शेवाळाने लाल, मग ऊन लागून गुलाबी, मग पांढरी.

ऐकायला गंमत वाटत होती. मग मी पाण्यात हात घातला. एप्रिलमधलं, म्हणजे तिकडे हिवाळ्याच्या तोंडावरचं, ते पाणी इतकं गार होतं की थोड्या वेळाने माझी बोटं मला दुसऱ्या कोणाची वाटायला लागली. नॅनींनी विचारलं, थांबतेस का मुली. सत्तरीला टेकलेल्या मला मुलगी म्हणणारं आता फारसं कोणी नाही, त्यामुळे मी थांबले नाही.

मागे मोठा आवाज झाला. वळून पाहिलं तर हे एका डबक्यात नीट मांडी घालून बसलेले आणि यांची एक सपात लाटेबरोबर दक्षिण अमेरिकेच्या दिशेने चाललेली. अरोहा ती पकडायला धावली आणि स्वतःही बसली. नॅनी इतक्या हसल्या की खुर्ची डगमगायला लागली आणि मला शेवाळ टाकून त्यांना धरावं लागलं.

जाताना त्यांनी एक गोणी भरून दिली. पटलं तर येईन बोलायला, म्हणाल्या. नाही पटलं तर डब्यातलं मांस खाऊन घरी बसेन.

पुन्हा ते रापा

मी जन्मभर आगर बाटलीतून काढून चमच्याने मोजलं. पोत्यातून काढायची ही पहिलीच वेळ.

शेवाळ धुवायचं, उन्हात घालायचं, पुन्हा धुवायचं, पुन्हा घालायचं. मुक्ताच्या मागच्या अंगणातली कपड्यांची दोरी, कुंपण आणि बार्बेक्यूची जाळी मी ताब्यात घेतली. वासाबद्दल मी काही म्हणणार नाही. शेजारचा गोरा तरुण एकदा कुंपणावरून डोकावला आणि सगळं ठीक आहे ना, असं अतिशय मऊ आवाजात विचारून गेला. बहुतेक त्याला वाटलं असावं की आमच्या धर्मात कोणीतरी वारलं.

रंग उतरून शेवाळ गवतासारखं झालं तेव्हा ते कुकरमध्ये घातलं. शेवाळ लवकर फुटावं म्हणून मी हात सैल सोडून व्हिनेगर ओतलं. शिट्ट्या झाल्या, गाळलं, गार केलं. घट्ट होईना. फ्रिजमध्ये ठेवलं, तरी होईना. संध्याकाळी मुक्ता आली, तिने पातेलं हलवून पाहिलं आणि शांतपणे विचारलं की आंबट किती घातलंस. आंबटाने आगराचा दम जातो, हे मी स्वतः तिला दहावीत असताना सांगितलं होतं म्हणे. यांनी त्या पाण्याला वरून हिंग-जिऱ्याची फोडणी द्यावी का, असं विचारलं. मी ते सिंकमध्ये ओतलं.

दुसऱ्या खेपेला व्हिनेगर नुसतं दाखवलं. मलमलच्या फडक्यातून गाळलं. (फडकं नवं आणलं, ताटांचं नव्हे. नॅनींचा धाक एव्हाना इथवर पोचला होता.) गार झाल्यावर पातेल्यात बोट दाबलं तर बोट परत वर आलं. खरवसासारखं घट्ट, किंचित पिवळसर, समुद्राचा अगदी पुसट वास. मी स्वयंपाकघरात एकटी होते म्हणून बरं, कारण मी त्या पातेल्याशी बोलले.

आता जंतूंना खायला काहीतरी हवं. त्या देशात लोक टोस्टला एक काळा, खारट, डांबरासारखा यीस्टचा लेप लावून खातात. माणसांनी तो का खावा हे मला अजून कळलेलं नाही, पण जंतूंना तो पंचपक्वान्नासारखा. तो आगरात कालवला, कुकरच्या शिट्ट्या काढल्या आणि ऑप शॉपमधून, म्हणजे तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून, आणलेल्या झाकणाच्या काचेच्या बशांत ओतला.

जंतू कोणाचे, हा प्रश्नच नव्हता. यांचा अंगठा प्रत्येक बशीवर नीट फिरवून घेतला. मग एका बशीत मधोमध छोटं भोक पाडून त्यात मानुकाचा मध भरला. मानुका हे तिथलं झुडूप. त्याच्या फुलांचा मध तिथले लोक पूर्वीपासून जखमेला लावतात. झाकणं चिकटपट्टीने पक्की बंद केली. ऊब हवी म्हणून बशा गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवल्या. ते कपाट मुक्ता टॉवेलांसाठी वापरते, हे मी तिला सांगायला विसरले.

सकाळी अंघोळीला जाताजाता तिची हाक आली.

"आई, माझ्या टॉवेलांशेजारी बाबांचा अंगठा उगवलाय."

उगवला होता खरा. बशीभर पिवळे-पांढरे ठिपके, काही मोत्यासारखे गोल, काही सुरकुतलेले. आणि मधाच्या भोकाभोवती स्वच्छ, मोकळं रिंगण, जणू कोणी नुकतंच सारवून ठेवलंय. हे बराच वेळ बशी उजेडात धरून बघत राहिले. मग मान्य केलं की चूक काही दिसत नाही.

मुक्ता कपाटाच्या दारात ओल्या केसांनी उभी होती. जंतू घरात वाढवल्याबद्दल ती रागवणार म्हणून मी तयार होते. ती म्हणाली, आम्ही आगराची पावडर तयारच मागवतो, मी हे असं कधीच पाहिलं नाही. मग तिने कामावर फोन करून अँझॅक डेला जोडून एक दिवसाची रजा टाकली.

अँझॅक डेची पहाट

आम्ही आदल्या संध्याकाळीच पोचलो. नॅनी टेबलाशी बसल्या होत्या. मी बंद बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि काय काय आहे ते सांगितलं. हे ठिपके म्हणजे एकेक जातीची वस्ती. जखमेतलं असं काढून डॉक्टर शत्रू ओळखायचे. हे मोकळं रिंगण म्हणजे औषधाने मारलेली जागा. आणि हे सगळं ज्याच्यावर उभं आहे, ते तुमच्या खडकावरचं शेवाळ.

नॅनींनी विचारलं, मग मामाचा पाय?

इथे मला फार मोह झाला. हो म्हणणं किती सोपं होतं. पण ज्या बाईला खोटं बोलायचं नव्हतं तिच्याकडून मी खोटं कसं वदवून घेणार? मी सांगितलं, त्यांच्या पायाचं मला सांगता येणार नाही, कोणालाच येणार नाही. पण त्या दिवसांत जखमेत काय आहे हे बघायला या देशातल्या ज्या ज्या लॅबला आगर लागलं, तिथल्या बशीत तुमच्या आईसारख्या कोणाचे तरी हात होते. आणि काही शेवाळ मांसाच्या डब्यांतही गेलं. मी त्या काळाबद्दल शोधून, वाचून आले आहे. तेही खरं आहे.

नॅनींनी बशी दोन्ही हातांनी जवळ ओढली.

"म्हणजे दोघंही बरोबर होते," त्या म्हणाल्या. "आणि इतके नाताळ आम्ही भांडणात घालवले."

मग त्यांनी विचारलं, हे ठिपके कोणाचे. हे यांच्या अंगठ्याचे, असं मी सांगितलं. त्यांनी यांच्याकडे नव्या आदराने पाहिलं.

पहाटे काळोखातच सगळे स्मारकापाशी जमले. लहान गाव, पण आजूबाजूच्या घरांतून माणसं येतच राहिली. कोणाच्या कोटावर आजोबांची पदकं, कोणाच्या पायात गमबूट. बिगूल वाजला. माणसांची नावं वाचली गेली. एकेका आडनावाची इतकी नावं आली की मी मान खाली घातली.

मग नॅनींना धरून पुढे नेलं. त्या माओरीत बोलल्या, मग इंग्रजीत. बशी हातात धरून त्यांनी सांगितलं की हे काय आहे, कसं झालं, आणि कोणाला काय माहीत नाही तेही सांगितलं. मामा आणि डब्यातलं मांस आल्यावर लोक हसले. मग त्या म्हणाल्या, आता मी त्या बायकांची नावं घेते.

आईपासून सुरुवात केली. एकेक नाव, मधे थोडं थांबून. मग त्या अडल्या.

"एक आँटी होती, मोठ्या हॅटवाली," त्या म्हणाल्या. "ती सगळ्यांत खोल पाण्यात जायची. आम्ही पोरं तिला हॅट आँटीच म्हणायचो. तिचं नाव मला माहीत नाही."

 मग मागून एक पिकल्या दाढीचा माणूस म्हणाला, "हिनेमोआ. माझी आजी."

नॅनींनी ते नाव मोठ्याने घेतलं. लगेच डाव्या बाजूने एका बाईने आणखी एक नाव सांगितलं, तिच्या पणजीचं. मग अजून कोणी. नॅनी प्रत्येक नाव ऐकायच्या आणि पुन्हा उच्चारायच्या. नावं संपेपर्यंत समुद्रावर उजाडलं होतं, आणि आमचे हे, जे कोणाच्या भाषणात चूक शोधल्याशिवाय राहत नाहीत, ते चष्मा पुसत होते.

नंतर सभागृहात सगळ्यांना नाश्ता होता. तो दाढीवाला माणूस माझ्याशेजारी येऊन बसला. बशी तोवर टेबलाटेबलावरून फिरत त्याच्यापर्यंत आली होती. आजी शेवाळ काढायची हे त्याला माहीत होतं, पण त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही. बशी उजेडाकडे धरून तो म्हणाला, लहानपणी आम्ही वाढदिवसाला त्या शेवाळाची जेली करून मागायचो. युद्धानंतरही ते काढणं चालूच होतं, एवढं दारात वाळत पडलेलं असायचं, पण आजीने कधी करून दिली नाही.

"म्हणायची, ती दवाखान्याची वस्तू आहे, तिला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "आम्हाला वाटायचं, म्हातारी चिक्कू आहे."